खोऱ्यातल्या नदीकाठी गावाचं उद्यान : आधी नदीचा वाटा सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी खोऱ्यात वसलेलं गाव. नदीकाठी अडीचेक एकर मोकळी जागा, सातबाऱ्यावर गुरचरण. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, माणसं काठावर जेवतात, पितात, बाटल्या फोडून जातात. गावातली तरुण मुलं आणि बचत गटातल्या बायका मिळून म्हणतात, की इथे गावानेच चालवलेलं उद्यान करू. निधीची शक्यता आहे आणि एक आराखडाही आला आहे: नदीला लागून संरक्षक भिंत, तिच्यावर पेव्हर ब्लॉकची पायवाट, मुलांची खेळणी, हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचे प्रखर दिवे, प्रवेशाला कमान. हे करावं का, आणि केलं तर गावाने चालवायचं कसं?

नदीकाठच्या जागा सावरायचं काम मी गावांबरोबर बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे सरळ सांगतो. उद्यान जरूर करा. आराखडा मात्र परत पाठवा. त्यात नदीला कुठेच जागा ठेवलेली नाही आणि तुमच्या गावातली निम्मी माणसंही त्यातून गळली आहेत.

आधी पाण्याचं बोलू. तुमच्या भागातल्या नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते आणि थोड्याच अंतरात हजार मीटरहून जास्त उंची उतरून महाडच्या सपाटीला येते. वर पडलेला पाऊस काही तासांत तुमच्या दारात असतो. २२ जुलै २०२१ला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. महाबळेश्वरला २४ तासांत ६०० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला, महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड आली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. महामार्गाचा दगडी पूल जे पाणी घेऊन जातं, त्याच्यापुढे पेव्हर ब्लॉकचं काय चालणार?

भिंतीबद्दल लोकांना वाटतं, की ती काठ वाचवते. सरळ वाहणाऱ्या, गाळाच्या मैदानातल्या नदीत कधी कधी वाचवतेही. डोंगराळ खोऱ्यात ती तीन प्रकारे दगा देते. पुराचं पाणी भिंतीला घासून वेगाने जातं आणि तिचा पाया खालून खरवडतं. भिंत वरून धड दिसते आणि एका पावसाळ्यात पुढे कलते. दुसरं, डोंगरातून मुरून येणारं पाणी भिंतीच्या मागे साठतं. त्याला बाहेर पडायला पुरेशा नळ्या ठेवलेल्या नसतात, असल्या तरी दोन वर्षांत मातीने बुजतात, आणि मग मागचा दाबच भिंत ढकलतो. तिसरं सगळ्यात वाईट: तुमच्या काठाला अडलेलं पाणी समोरच्या काठावर आपटतं. समोर कोणाची तरी भातखाचरं असतील. पुढच्या वर्षी त्यांना भिंत लागेल, मग त्यांच्या खालच्याला. आणखी एक गोष्ट अंदाजपत्रकात कधीच नसते. मातीच्या उभ्या दरडीत खंड्या आणि वेडे राघू बिळं करून पिल्लं वाढवतात. भिंत झाली की ती घरं संपली.

काठ खरोखर एखाद्या जागी ढासळत असेल, म्हणजे मंदिर, विहीर किंवा वाट धोक्यात असेल, तर तेवढ्याच तुकड्याला जाळीत दगड भरून केलेला गॅबियन बांध घाला. त्यातून पाणी आरपार जातं, थोडं खचलं तरी तो मोडत नाही, आणि फटींत माती बसली की झाडं उगवतात. सगळ्या काठाला नको.

आता तुमच्या जागेवर पूर कुठपर्यंत येतो ते आधी ठरवा. जलसंपदा विभाग मोठ्या नद्यांच्या पूररेषा आखतो: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. मैदान, बाग अशा मोकळ्या वापराला हरकत नसते. पण खोऱ्यातल्या लहान नद्यांची आखणी पुष्कळ ठिकाणी झालेलीच नाही. तुमच्याकडे नसेल तर विभागाकडे लेखी मागणी करा आणि तोवर हाताने आखा. हे काम गावातला कोणताही गवंडी करून देईल.

पाऊस ओसरला की काठावरची करंजाची, उंबराची झाडं नीट बघा. फांद्यांच्या बेचक्यांत पेंढा, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात. ती त्या वर्षीच्या पुराची पातळी. २०२१ची पातळी कुठवर होती ते म्हाताऱ्या माणसांना एकेकटं विचारा, घोळक्यात नको. घोळक्यात पहिला बोलतो तेच सगळे म्हणतात. देवळाच्या पायरीवर, एखाद्या भिंतीवर गाळाची रेघ अजून दिसत असेल. मग गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, पाण्याने भरा, आतले बुडबुडे काढा. एक टोक झाडावरच्या खुणेला धरा, दुसरं जागेत रोवलेल्या बांबूला. पाणी स्थिर झालं की बांबूवर गेरूची खूण करा. असं दर दहा-पंधरा पावलांवर करत गेलात, की दरसालच्या पुराची एक आणि २०२१ची एक अशा दोन रेघा अख्ख्या जागेवर उभ्या राहतात. हे सुट्टीच्या दिवशी, शाळेतली मुलं आणि सगळ्या वाड्यांची माणसं बोलावून करा. कागदावरचा नकाशा बघून जे पटत नाही, ते डोक्याच्या वर गेलेली गेरूची खूण बघून पटतं.

या दोन रेघांनी आराखड्याचा मोठा भाग आपोआप ठरतो. दरसालच्या रेघेखाली काहीही बांधायचं नाही, ती जागा नदीची. दोन रेघांच्या मधे गवत, झाडं, अनघड दगडांची कोरडी पायवाट, जांभ्याचे चिरे नुसते मांडून केलेली बसायची जागा, म्हणजे पूर आला तर गाळ धुवून चिरे परत मांडता येतील इतकंच. शौचालय, छप्पर, पाण्याची टाकी, गाड्या, सगळं २०२१च्या रेघेच्या वर. वर जागा कमी पडली तर डोंगराचा पायथा कापून पार्किंग करायचा मोह होईल. तो टाळा. मुसळधार पावसात पायथा कापलेला उतारच आधी सुटतो, आणि तुमच्या तालुक्यात हे जड अनुभवाने कळलेलं आहे. गाड्या रस्त्यालगतच्या सपाट जागेत थांबवा आणि माणसांना पाच मिनिटं चालू द्या. त्याने गर्दीही आपोआप निवळते.

दगडांसाठी पात्रातले गोटे उचलू नका. ते गौण खनिजात येतात, परवानगी लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गोट्यांखालच्या किड्यांवर आणि शेवाळावर नदीतले मासे जगतात. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळू-गोट्यांच्या बेटांवर टिटवी आणि नदी सुरय अंडी घालतात. मार्च ते मे या काळात तिथे सफाईच्या नावाखाली जेसीबी आणू नका.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तिच्याकडे येतो. आराखडा काढणाऱ्याला तुमची जागा रिकामी दिसली. नदीकाठ कधीच रिकामा नसतो. सकाळी तिथे कोण असतं? धुणं धुणाऱ्या बायका, गुरं पाण्यावर आणणारा माणूस. खेकडे आणि मासे धरणारी कातकरी माणसं. गणपतीत विसर्जन तिथेच, दहाव्याचे विधी तिथेच. धनगरवाड्याची जनावरं विशिष्ट महिन्यांत त्याच उतारावरून जातात. कुठल्या तरी दगडाला शेंदूर लावलेला असतो आणि वर्षातून एकदा त्याला नारळ वाढवला जातो. उद्यान झालं, कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं, की यातली प्रत्येक गोष्ट एका दिवसात अतिक्रमण ठरते. गावाने गावाच्याच माणसांना बाहेर काढायचं, आणि तेही शनिवारच्या पाहुण्यांसाठी, हे होऊ देऊ नका.

म्हणून आखणीच्या आधी वर्षभराच्या वहिवाटीची नोंद करा. एक मोठा कागद, त्यावर बारा महिने, आणि प्रत्येक वाडीत जाऊन विचारायचं: तुम्ही नदीवर केव्हा जाता, कुठल्या वाटेने, कशासाठी. बायकांना वेगळं विचारा. चारचौघांत त्या धुण्याचा दगडच सांगतील. वेगळं विचारलंत तर अंघोळीची आडोशाची जागा कुठली, कुठल्या वाटेवर संध्याकाळी दारुडे बसतात, तेही सांगतील. कातकरीवाडीत जा, त्यांना ग्रामपंचायतीत बोलावू नका. राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी हा एक समाज आहे, आणि नदी हा त्यांच्या ताटाचा भाग आहे. मासेमारीचा कोणताही नियम त्यांच्याशी बोलल्याशिवाय घातला, तर तो अन्याय तर आहेच, शिवाय टिकणारही नाही. कोणत्या डोहात मासे अंडी घालतात, चढणीचे मासे पहिल्या पावसात कुठून वर येतात, सुरुंग लावून किंवा विजेचा झटका देऊन मासे मारणारे कुठून येतात, हे गावात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. राखणदार नेमायचे असतील तर पहिलं नाव तिथून घ्या आणि मजुरी रोखीने, वेळेवर द्या.

कुंपणाबद्दल कासचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आजूबाजूच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर ते सांभाळतात: हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क, गावातल्याच मुलांना काम. ही व्यवस्था शिकण्यासारखी आहे. पण तिथे फुलांच्या रक्षणासाठी घातलेलं तारेचं कुंपण पुढे काढावं लागलं, कारण गुरं बंद झाल्यावर उंच गवत माजलं आणि छोट्या फुलांची जागा कमी झाली, असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं. तुमच्या गुरचरणावरही तेच होईल. गुरं पूर्ण बंद केलीत तर दोन वर्षांत तिथे रानमोडी आणि घाणेरी माजेल. त्यापेक्षा जागेचे तुकडे पाडा आणि आळीपाळीने एकेक तुकडा राखा. नव्या रोपांना प्रत्येकी काटेरी फांद्यांचा आडोसा करा. गुरांचा पाण्यावर जायचा उतार मात्र एकच, दगड लावून पक्का करा, म्हणजे बाकीचा काठ तुडवला जाणार नाही.

झाडांचं सांगतो. आराखड्यात गुलमोहर, रेनट्री आणि शोभेचे पाम असणार, ते काढून टाका. पुराच्या काठावर ही झाडं उन्मळतात आणि खालच्या पुलाला जाऊन अडकतात. नदीकाठची आपली झाडं वेगळी आहेत आणि ती तुमच्याच नदीवर वर-खाली अजून असतील: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निवर, पाण्यालगत खडकांत शेरणी, निरगुडी, ओलीत लव्हाळी आणि वाळा. महापुरात लव्हाळी वाचतात हे आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ असतं, तरी काठावर लावायची वेळ आली की आपण लॉन मागवतो.

रोपवाटिकेवर फार पैसे घालू नका. वाळुंज आणि निरगुडी फांदीने लागते. पावसाचा जोर ओसरला की, साधारण सप्टेंबरअखेर, अंगठ्याएवढ्या जाडीच्या हातभर लांब फांद्या तिरप्या तोडा आणि दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत जाईल अशा तिरक्या खोचा, टोक खालच्या प्रवाहाच्या दिशेने झुकलेलं ठेवून. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळं धरायला त्यांना सात-आठ महिने मिळतात. जून-जुलैत लावलेलं पहिल्या पुरात जातं. सरकारी वृक्षलागवड नेमकी तेव्हाच असते, तेव्हा ती रोपं वरच्या पट्ट्यात वापरा. वाळ्याचे ठोंब वीतभर अंतरावर, उताराला आडव्या ओळींत. करंजाच्या शेंगा आणि जांभळाच्या बिया जागेवरच टाका, त्यांची सोटमुळं पिशवीत वाढवलेल्या रोपापेक्षा खोल जातात. आणि जिथे काठ आधीच झाडीने भरलेला आहे तिथे काही लावायचं नाही आणि ‘साफसफाई’ही करायची नाही. पडलेलं झाड पाण्यात पडू द्या, त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. पूल किंवा बंधारा जवळ असेल तरच ते हलवा.

हायमास्ट नको. आगोटीच्या सुमारास, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, तुमच्या काठावरच्या झाडांत काजवे असतील. प्रखर उजेडात नर-मादीला एकमेकांचा प्रकाश दिसत नाही आणि काही हंगामांत ते नाहीसे होतात. रात्री उद्यान बंद ठेवायचं असेल तर उजेड हवा कशाला? वाटेवर आणि शौचालयापाशी खाली तोंड केलेले कमी उजेडाचे दिवे पुरेत. बोटिंगसाठी बंधारा घालू नका: साचलेलं पाणी, जलपर्णी आणि बुडण्याचा धोका, शिवाय चढणीच्या माशांची वाट बंद. खेळण्यांऐवजी एक वडाची पारंबी आणि वाळूचा ढीग मुलांना जास्त आवडतो, हे माझं प्रामाणिक मत आहे.

सगळ्यात आधी लागणारं बांधकाम म्हणजे शौचालय. ते नसेल तर पाहुणे झाडीत जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने गावातल्या बायका पाण्यावर जातात. शोषखड्डा काठाजवळ घेऊ नका. नदीकाठची जमीन गोटे-वाळूची, मैला गाळला न जाता झिरपत थेट पात्रात उतरतो. वरच्या पट्ट्यात, विहिरीपासूनही दूर घ्या. देखभाल बचत गटाकडे द्या आणि शुल्काचे पैसे गटालाच ठेवू द्या. स्वच्छ शौचालय असलं की माणसं आनंदाने पैसे देतात.

कचरापेट्या काठावर ठेवू नयेत असं मी ठामपणे सांगतो. भरून वाहतात, कुत्री आणि माकडं उपसतात, आणि पहिल्या पुरात पेटीसकट सगळं नदीत जातं. त्याऐवजी प्रवेशाच्या जागी प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजा, अनामत घ्या, बाहेर पडताना मोजून परत करा. काचेची बाटली आत नाहीच. पहिले काही आठवडे वाद होतात. त्या दिवसांत नाक्यावर एकटा मुलगा बसवू नका. दोन मोठी माणसं आणि दोन बायका हव्यात. बायका बसल्या की आवाज चढवणारे मुकाट्याने गाडीत परत जातात, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलं आहे.

जिवाच्या सुरक्षेवर थोडा थांबतो, कारण उद्यान म्हटलं की लोक निर्धास्त होतात आणि जबाबदारी गावावर येते. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चारजण गेले. दोन्ही वेळा रविवार होता, दोन्ही वेळा पावसाळ्याचे पहिले आठवडे. शहरातून आलेल्या माणसाला डोंगराचं पाणी कळत नाही. इथे ऊन असतं, वर घाटमाथ्यावर कोसळत असतं, आणि गुडघाभर पाणी बघता बघता छातीला लागतं. गावातल्या माणसाला खुणा माहीत असतात: निवळ पाणी एकाएकी गढुळतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, वरच्या वळणावरून घरघर ऐकू येते. राखणदाराला एवढं दिसलं की शिट्टी, आणि सगळे बाहेर, त्यावर चर्चा नाही. त्याही आधी कळावं म्हणून वरच्या वाडीतल्या दोन माणसांशी बोलून ठेवा: ओहोळ फुगला की फोन. वर धरण असेल तर पाणी सोडण्याची सूचना कोणाकडून कधी येते ते लेखी घ्या.

माझा आग्रह असा, की आगोटीपासून घटस्थापनेपर्यंत खालचा पट्टा पूर्ण बंद ठेवा. नेमका तोच गर्दीचा काळ आहे आणि बंद ठेवणं जड जाईल. वरच्या पट्ट्यातून पाऊस बघू द्या, भाकरी-पिठलं विका, पण पाण्याकडची वाट दोरी लावून बंद. त्या महिन्यांत माशांची चढण असते, त्यांनाही तेवढी उसंत मिळते. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणांवर बंदी घालतात. गावाने आधीच स्वतः बंद ठेवलं तर सरसकट बंदीच्या यादीत तुमचं नाव जाण्याची शक्यता कमी होते.

कागदपत्रांचं. गुरचरणाची मालकी सरकारची असते, देखभाल ग्रामपंचायतीकडे. वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबाबत कडक भूमिका घेतल्यापासून त्यात कोणी सैलपणा दाखवत नाही, ते योग्यच आहे. गुरं चरत राहिली आणि बांधकाम नावापुरतं राहिलं तर वापर फारसा बदलतही नाही. तरी ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांकडून लेखी उत्तर घ्या. मोजणी करून हद्दीचे दगड आधीच बसवा. जागेचा एखादा तुकडा वन विभागाच्या नावावर निघाला तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा किंवा २००६च्या वनहक्क कायद्यातल्या सामूहिक हक्काचा मार्ग आहे.

एक दार बहुतेक गावं उघडतच नाहीत. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तुमच्याकडेही असेल, फक्त तिची बैठक कोणाला आठवत नसेल. ती जागी करा. वर सांगितलेली वहिवाटीची आणि झाडा-माशांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत घाला. त्या नोंदी पुढे उपयोगी पडतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा बोटाएवढा मासा नव्याने नोंदला गेला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ जाहीर केली. एवढ्याशा जागेलाही कायद्याचं संरक्षण मिळू शकतं.

आता चालवायचं कसं. तुमच्या तालुक्यातच वाळण कोंड आहे, काळ नदीवर. वरदायिनी देवीच्या त्या डोहातले मोठे मासे कोणी धरत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात. तिथे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, कारण नियम एकच आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि तो मोडणारा गावाच्या नजरेतून उतरतो. नव्या उद्यानाला देवीचं पाठबळ नसतं, म्हणून नियम माणसांनी उभा करावा लागतो. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक कुरणं, जंगलं, पाटपाणी अभ्यासून जे मांडलं ते आपल्या गावकीशी जुळतं: नियम वापरणाऱ्यांनी स्वतः घातलेले असावेत, राखणारे त्यांच्यातलेच असावेत, पहिल्या चुकीला हलका दंड आणि पुढे चढता, आणि तंटा गावातच स्वस्तात सुटावा.

त्यामुळे नियम पाच-सहाच ठेवा. समितीत प्रत्येक वाडीचा एक पुरुष, एक बाई. बौद्धवाडी, कातकरीवाडी, धनगरवाडा सुटता कामा नये. समिती ग्रामसभेने नेमावी आणि सरपंच बदलला तरी तिची मुदत संपू नये, नाहीतर निवडणुकीनंतर फाटकाची किल्लीच सापडत नाही. पार्किंगचा ठेका बाहेरच्याला देऊ नका. रक्कम एकदम मिळते खरी, पण ठेकेदार गाड्या वाढवत नेतो आणि तुमची मर्यादा कागदावर राहते. दिवसाला किती गाड्या हे आधी ठरवा, शौचालय किती माणसं झेपवतं त्यावरून, आणि ती संख्या भरली की दोरी आडवी लावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतातच. प्रत्येक सभेत जमाखर्च मोठ्याने वाचा आणि देवळाबाहेर चिकटवा. गावातल्या माणसाला प्रवेश कायम मोफत आणि त्याच्या रोजच्या वाटेवर फाटक नाही.

पैशांचा एक भाग दरवर्षी पूर ओसरल्यावरच्या कामासाठी बाजूला ठेवा: गाळ काढणं, चिरे परत मांडणं, अडकलेलं प्लास्टिक झाडांवरून उतरवणं. हे काम दरवर्षी येणार असं धरूनच चाला. मी एका गावात देखणं उद्यान दुसऱ्या पावसाळ्यानंतर बेवारस झालेलं पाहिलं आहे. उद्घाटनाला पैसे होते, गाळ काढायला नव्हते.

मिळू शकणाऱ्या निधीचं काय? तो सोडू नका, कामं बदलून मागा. भिंतीऐवजी वरच्या पट्ट्यातलं शौचालय आणि पाण्याची सोय, कमानीऐवजी हद्दीची मोजणी आणि दगड, पेव्हर ब्लॉकऐवजी कोरड्या दगडाची वाट आणि गुरांचा पक्का उतार, हायमास्टऐवजी बायकांसाठी धुण्याची आडोशाची जागा, जिथलं साबणाचं पाणी नदीत न जाता अळूच्या-केळीच्या वाफ्यात जाईल. अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला सोबत घेऊन गेरूच्या खुणा दाखवा. बहुतेक अभियंते खोऱ्यातलेच असतात, त्यांना पूर ठाऊक असतो. ठराव करताना ‘सुशोभीकरण’ या सदराखाली काम टाकू नका, त्या सदरात भिंत आणि फरशीच येते. ‘नदीकाठ संवर्धन व सार्वजनिक सुविधा’ असं लिहून सोबत दोन्ही पूरपातळ्यांचा हाताने काढलेला नकाशा जोडा. खुणा अजून केल्या नसतील तर निधीचा अर्ज महिनाभर थांबवा आणि आधी लेव्हल पाईप घेऊन काठावर जा.